दीड फुटावरचा बॉल

स्कॉटलंडला जायचं ठरलं तेव्हा मी तीन याद्या केल्या. एक कपड्यांची, एक औषधांची आणि एक तिथे ज्याबद्दल बोलायचं नाही अशा गोष्टींची. तिसरी कागदावर उतरवली नाही. तिच्यात एकच नोंद होती, माझ्या मैत्रिणीचा उजवा हात.

मैत्रीण दंतवैद्य आहे. शनिवार पेठेत औषधांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर तिचा दवाखाना आहे. जिना अरुंद आणि उभा. दाढ दुखणाऱ्या माणसाला तो चढल्यावर निम्मं बरं वाटतं, कारण तोवर गुडघे दुखायला लागलेले असतात, असं ती म्हणते. आम्ही शाळेपासून एकत्र आहोत. मी वाघोलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात प्रशासन बघते. परीक्षेची आसनव्यवस्था, बसच्या फेऱ्या, पाण्याचे टँकर, प्राचार्यांना भेटायचे नसलेले पाहुणे, हे सगळं माझ्याकडे. माझ्या याद्यांवर बोलण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं आहे. "तू मेलीस ना, की यमाला म्हणशील, थांबा, आधी तुमची कागदपत्रं दाखवा," हे तिचं आवडतं वाक्य.

आमच्या दोघींच्याही घरी गोल्फ म्हणजे टीव्हीवर चुकून लागलेलं चॅनेल बदलण्याआधीचे दोन क्षण. पण तिच्या एका पेशंटने, एका निवृत्त कर्नलसाहेबांनी, तिला सुचवलं की दिवसभर वाकून लोकांच्या तोंडात बघता, तर सकाळी सरळ उभं राहून लांब बघायचा एखादा खेळ खेळा. तिला पटलं. एकटीने जायचं नव्हतं, म्हणून तिने मला ओढलं. पहिल्या दिवशी माझा एकही बॉल जमीन सोडून गेला नाही. तिचा तिसराच गेला, सरळ आणि उंच. कर्नलसाहेब म्हणाले, "डॉक्टर, हे हात वाया चालले होते."

"वाया कसे? तुमची कवळी याच हातांनी बसवलीय," ती म्हणाली.

तेव्हापासून शनिवारी सकाळी आम्ही चार-पाच जण खेळतो. त्यात आमचा एक नियम आहे आणि तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. बॉल ज्या खड्ड्यात घालायचा तो होल, आणि त्याच्या भोवती अगदी बारीक कापलेलं गवत असतं, त्याला ग्रीन म्हणतात. तिथे पोहोचलं की पटर नावाच्या सपाट तोंडाच्या काठीने बॉल हलकेच ढकलून होलमध्ये घालायचा. हा पट. बॉल होलपासून वीतभर राहिला, की समोरचा खेळाडू मोठ्या मनाने म्हणतो, "दिला." म्हणजे आता घालून दाखवायची गरज नाही, गेला असं धरू, उचला. सगळीकडे मित्रमंडळींत ही पद्धत असते. आमच्यात ती पहिल्याच महिन्यात बंद पडली. कर्नलसाहेबांनी एकदा तिला "दिला" म्हटलं. ती म्हणाली, "मागितला कुणी होता?" आणि घालून दाखवला. बॉल होलमधून काढताना पुढे म्हणाली, "आमच्या पेठेत दिलेलं घेत नाहीत आणि हक्काचं सोडत नाहीत." त्यानंतर बॉल होलच्या काठावर लोंबकळत असला तरी आमच्यात कुणी कुणाला काही दिलेलं नाही. बाहेरचं कुणी आमच्याबरोबर खेळायला आलं तर त्यांना हे विचित्र वाटतं. आम्हाला तो आमचा मान वाटतो.

हाताचं तिने मला जानेवारीत सांगितलं. खेळ संपवून आम्ही माझ्या गाडीत बसलो होतो.

"काच वर कर," ती म्हणाली.

"एसी लावू?"

"काही लावू नकोस. ऐक. उजवा हात हलतोय."

मी हाताकडे बघितलं. तो मांडीवर नेहमीसारखा पडला होता.

"असा नाही दिसायचा. जेवताना नाही, लिहिताना नाही. बारीक काम असलं की. रूट कॅनालची सुई दाढेच्या तोंडाशी नेली की सुरू होतो. दिवाळीपासून."

ती न्यूरॉलॉजिस्टकडे जाऊन आली होती. त्यांनी सांगितलं, नुसता कंप असेल किंवा कंपवाताची सुरुवात असेल, इतक्यात सांगता येत नाही, जुलैत पुन्हा या. गोळी आत्ताच सुरू केली तर काय आहे ते झाकलं जाईल. तोवर काम करायचं की नाही, असं हिने विचारलं, तर म्हणाले, तुम्ही स्वतः डॉक्टर आहात, तुम्हीच ठरवा.

"घरी सांगितलंस?"

"घरी सांगितलं तर संध्याकाळपर्यंत नणंदेला कळेल आणि सकाळपर्यंत पेठेला. पेशंट अर्ध्या जिन्यातून परत जातील." तिने काचेबाहेर बघितलं. "बारीक कामं सध्या ज्युनिअरला देतेय. पाठ दुखते म्हणून सांगितलंय. पण किती दिवस देणार? ते काम नसेल तर मी तिथे करतेय काय? दात मोजतेय?"

स्कॉटलंडचं आमचं वर्षानुवर्षं नुसतं बोलणं होतं. त्या दिवशी गाडीत बसून तिने ते नक्की केलं. मे महिन्यात जायचं. समुद्राकाठची, टेकड्यांवरची तीन मैदानं खेळायची. तिथे छोटे पट नीट गेले तर हात ठीक आहे असं समजून ती परत आल्यावर पूर्वीसारखं काम सुरू करणार. हात हलला तर दवाखाना ज्युनिअरच्या हवाली.

"हे शास्त्रीय नाही," मी म्हटलं.

"माहितीये. शास्त्रीय जुलैत आहे."

"अगं, तिथे वारा असतो. हात चांगला असला तरी चुकेल."

"चुकला तर चुकला. हलतो का ते बघायचंय. इथे कर्नलसाहेब बघतात, मैदानावरची पोरं बघतात, मला कळत नाही हात हलतोय की मी घाबरतेय. तिथे कुणी पेशंट नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू फक्त एक करायचंस."

"काय?"

"काही करायचं नाहीस. नेहमीसारखं खेळायचंस. तू नेहमीसारखी वागलीस तरच मला कळेल."

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून व्हिसाच्या मागे लागले.

आबर्डीनच्या वरच्या किनाऱ्यावर एका लहान गावात आम्ही उतरलो. घरमालकीण वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायची. खिडकीतून बंदराची भिंत दिसायची आणि तिच्यापलीकडे राखाडी समुद्र. पुण्यातून निघताना रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं. इथे मे महिन्यात हीटर लावायला लागत होता. मी लसणाची चटणी, मेतकूट आणि भडंग नेलं होतं. मालकिणीच्या उकडलेल्या बटाट्यांना त्या चटणीने पहिल्यांदा काही अर्थ आला, असं मैत्रीण म्हणाली. मालकिणीने चव घेतली आणि बराच वेळ पाणी पीत राहिली.

तिथली मैदानं आपल्याकडच्यासारखी सपाट हिरवी नसतात. समुद्राने आणून टाकलेल्या वाळूच्या टेकड्या, त्यांच्यावर कमरेएवढं पिवळट गवत, आणि त्यांच्या मधून वळणावळणाची हिरवी पट्टी. बॉल मारायचा, काठ्यांची हातगाडी ओढत टेकडी चढायची, पलीकडे उतरायचं, बॉल शोधायचा. पहिल्या दिवशी चौथ्या टेकडीवर ती थांबली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हे म्हणजे पर्वती चढायची, उतरायची, आणि खाली आल्यावर कुणीतरी सांगायचं की चप्पल वरच राहिली."

त्या दिवशी ऊन होतं. वारा होता, पण बेताचा. टेकड्यांच्या फटींतून समुद्र दिसायचा आणि पुन्हा जायचा. तिचे लांबचे फटके चांगले गेले. ते जाणारच होते, त्यांचा प्रश्न नव्हता. ग्रीनवर आलो की मी मुद्दाम माझ्या बॉलभोवती घुटमळायचे, मोज्यातला खडा काढायचे, होलमधल्या झेंड्याकडे बघायचे. तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून मला तिचा पटर दिसायचा. तो स्थिर होता. एक चार फुटांचा, एक तीन फुटांचा, दोन्ही गेले. एक चुकला, पण स्वच्छ चुकला, जसे माझे नेहमी चुकतात.

संध्याकाळी तिने खोलीतल्या पलंगावर मांडी घातली, हात दिव्यासमोर धरला, बोटं पसरली.

"काय वाटतं?" तिने विचारलं.

"मी काही बोलायचं नाही असं ठरलंय."

"बरोबर. बोलू नकोस." हात खाली घेऊन ती हसली. "सोमवारी आल्या आल्या एका बाईंची दाढ आहे. वाकडी मुळं आहेत. ज्युनिअरने फोटो पाठवलाय. मीच करीन म्हणते."

झोपताना मलाही वाटलं, करेल.

दुसऱ्या दिवशीचं मैदान आणखी उत्तरेला होतं आणि आणखी उंच. गाडी मीच चालवत होते, कारण ती चालवताना बोलते. निम्म्या रस्त्यात पाऊस सुरू झाला. तो वरून पडत नव्हता, समुद्राकडून आडवा येत होता. मैदानाच्या ऑफिसातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी आम्हाला आपादमस्तक बघितलं आणि आजही खेळणार का, असं विचारलं. ती म्हणाली, "पुण्याहून आलोय, कपडे वाळत घालायला नाही." हे तिने इंग्रजीत म्हटल्यामुळे त्यातला पुणेरीपणा गेला, पण गृहस्थांना समजलं. त्यांनी आमची नावं लिहून घेतली.

पहिले काही होल कसेबसे पार पडले. मग एका उंच ग्रीनवर, जिथून खाली खडकांवर फुटणाऱ्या लाटा दिसत होत्या, तिचा हात सुरू झाला.

पट मारण्याआधी पटरचं तोंड बॉलच्या मागे टेकवून क्षणभर थांबावं लागतं. त्या क्षणात ते तोंड थरथरायला लागलं. इतकं बारीक की कुणा तिसऱ्याला वाऱ्यामुळे वाटलं असतं. तिने पट मारला, तो बाजूने गेला. पुढच्या ग्रीनवर पुन्हा तेच. त्याच्या पुढच्यावर पटर बॉलला आधीच लागला आणि बॉल जरासा सरकला. तो एक फटका धरून तिने पुढचा मारला. नियम म्हणजे नियम.

माझे मोजे भिजले होते. तिचे ओठ निळसर दिसत होते. परत फिरू या, असं मी दोनदा म्हटलं. दोन्ही वेळा तिने नाही म्हणून मान हलवली आणि हातगाडी ओढायला घेतली. आमच्या मागे दोन म्हातारे खेळत होते. आम्ही सावकाश चाललो होतो, त्यामुळे प्रत्येक होलला ते मागच्या टेकडीवर येऊन उभे राहायचे, आपापल्या हातगाडीवर रेलून.

शेवटून दुसऱ्या होलला तिचा बॉल होलपासून दीड फुटावर थांबला. सरळ, चढ-उतार नसलेला पट. आमच्याकडे शिकाऊ पोरंसुद्धा तो घालतात. ती बॉलशी उभी राहिली. पटर टेकवला. पटर थरथरला. ती बाजूला झाली, हात पँटला पुसला, पुन्हा उभी राहिली. पुन्हा थरथरला. पुन्हा बाजूला झाली. टेकडीवर ते दोघे उभे होतेच. तिसऱ्यांदा तिने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, दाबून धरलं, आणि दोन्ही हात एकदम हलायला लागले.

मी कामं मार्गी लावणारी बाई आहे. अडलेली बस, अडलेली फाइल, अडलेला माणूस मला बघवत नाही. मी पुढे झाले.

"राहू दे. दिला," म्हटलं, आणि वाकून तिचा बॉल उचलला.

तिने पटर खाली केला. आधी होलकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या बॉलकडे.

"किती होतं?"

"दीड फूट असेल."

"इकडे दे."

मी बॉल दिला. ती वाकली, तो परत जागेवर ठेवायला, आणि तशीच थांबली. ओल्या गवतावर कुठे काही दिसत नव्हतं. बॉल उचलताना जागेवर नाणं ठेवून खूण करायची असते. मी केली नव्हती. दिलेल्या बॉलची कुणी खूण करत नाही.

"कुठे होता?"

"इथेच. या बाजूला."

"या बाजूला म्हणजे कुठे?"

मला नक्की सांगता येईना. ती सरळ झाली, बॉल खिशात टाकला. शेवटचा होल आम्ही खेळलो की नुसतं चालत आलो, ते मला आठवत नाही. मागचे ते दोघे ऑफिसच्या दारात भेटले तेव्हा त्यांच्यातल्या एकाने टोपीला हात लावून म्हटलं, हवेने तुमच्यावर अन्याय केला. तिने त्यांचे आभार मानले.

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. मग एका बंदरापाशी मी गाडी थांबवली, कारण काहीतरी खायला हवं होतं. टपरीवरून बटाट्याचे काप आणि तळलेला मासा आणला. तिने काप घेतले. मासा कागदात तसाच राहिला.

"सहा वर्षं आपण खेळतोय. एकदा तरी कुणाला दिलास?" ती म्हणाली.

"पाऊस होता गं. ते दोघे खोळंबले होते. तू गारठली होतीस."

"पाऊस तुझ्यावरही पडत होता. तुझे सगळे तू घातलेस."

"मला बघवेना."

"तेच विचारतेय मी. काय बघवेना?"

मी काप खात राहिले. समोर भिंतीवर एक मोठा सीगल बसला होता आणि आमच्या कागदाकडे बघत होता.

"बरं, दुसरं विचारते," ती म्हणाली. "समजा सोमवारी तुझी दाढ दुखायला लागली. रूट कॅनाल आहे. मी म्हटलं, ये, मी करते. येशील?"

मी लगेच उत्तर देणारी आहे. कॉलेजात लोक म्हणतात, मॅडमना विचारलं की वाक्य संपायच्या आत उत्तर येतं. त्या दिवशी आलं नाही. मी वायपर बंद केले. कागदाची घडी केली. मग म्हटलं, "साफसफाईला येईन."

ती हसली. खरंच हसली, खांदे हलेपर्यंत. "दात साफ करायला येईल. वा. फी किती लावू?" हसणं संपल्यावर तिने डोळे पुसले, आणि ते कशाने ओले झाले होते ते मी विचारलं नाही. "चल. उशीर होतोय. तुझी ती मालकीण जेवायला थांबली असेल," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी उठलो तर बंदराची भिंतही दिसत नव्हती. समुद्रावरून धुकं आत आलं होतं, दाट आणि गार. नाश्त्याला मी म्हटलं, आजचं रद्द करू, आबर्डीनला जाऊन दुकानं बघू. ती म्हणाली, बुकिंग आहे ना, जाऊ. मैदानावर पोहोचलो तर धुकं जरा विरळ होईपर्यंत कुणाला सोडत नव्हते. गाडीतच बसून राहिलो. तिने फोन काढला आणि दवाखान्यात लावला. स्पीकरवर ठेवला. मला ऐकू यावं म्हणून, की फोन उजव्या हातात नीट धरवत नव्हता म्हणून, कुणास ठाऊक.

"मॅम," ज्युनिअरचा आवाज आला. "कशी चाललीय ट्रिप? फोटो एकही नाही टाकलात."

"फोटोत धुकं येतंय. ऐक. सोमवारची ती वाकड्या मुळांची दाढ तू कर."

"मी? मॅम, ती टफ आहे. तुम्ही करणार होतात ना?"

"तू कर. घाई करू नकोस. मधेच अडलीस तर तात्पुरतं भर आणि चार दिवसांनी परत बोलाव, पेशंट मरत नाही. आणि यापुढचे सगळे रूट कॅनाल तूच करायचेस. सगळे. मी आले की बाकीचं बोलू, खुर्चीचं, भाड्याचं."

"मॅम, आर यू शुअर? पाठ जास्त दुखतेय का?"

"पाठ उत्तम आहे," ती म्हणाली. "हात हलतो. कुणाला सांगू नकोस. सांगितलंस तरी चालेल. ठेवते."

फोन तिने डॅशबोर्डवर ठेवला. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर तिने बोट वर केलं. पेशंटला तोंड बंद करा म्हणताना करते तसं. आम्ही धुक्याकडे बघत बसलो. काचेवरून थेंब उतरत होते. कुणीतरी येऊन काचेवर टकटक केलं आणि आता जाऊ शकता म्हणून सांगून गेलं.

त्या दिवशी ती खेळली, पण अर्धंच. लांबचे फटके मारायची, आणि मला ते आजवरचे तिचे सर्वांत चांगले वाटले, मोकळे, काही राखून न ठेवलेले. बॉल धुक्यात नाहीसा व्हायचा आणि आवाजावरून आम्ही त्याच्या मागे जायचो. टेकड्या दिसत नव्हत्या, फक्त पायांना कळत होत्या. समुद्र कुठल्या बाजूला आहे हेही कळत नव्हतं, सगळीकडून ऐकू येत होता. ग्रीनवर पोहोचलो की ती आपला बॉल उचलायची आणि खिशात टाकायची. मग झेंडा धरून उभी राहायची.

"घाल," ती म्हणायची.

"तू पण खेळ ना."

"कशाला? मला कळलंय. तू घाल."

झेंडा धरणाऱ्या माणसाच्या पायांकडे बघून पट मारणं किती कठीण असतं, ते मला त्या दिवशी कळलं. मी एकामागून एक चुकवत गेले. ती प्रत्येक वेळी थांबली, बॉल होलमध्ये पडेपर्यंत. एकदाही तिने राहू दे म्हटलं नाही.

पुण्याला परतल्यावर तिने सगळं पद्धतशीर केलं. एरवी मी केलं असतं तसं. नवऱ्याला सांगितलं, नणंदेला स्वतःच फोन करून सांगितलं. ज्युनिअरशी करार केला. जुन्या पेशंटना एकेक करून सांगितलं की आतली कामं आता नव्या डॉक्टर करतील, मी बाहेर बसून बघेन. काही आले, काही गेले. शनिवारी यायचं तिने बंद केलं. कर्नलसाहेबांनी दोनदा विचारलं. मी पाठीचं कारण सांगितलं, पण ते सैन्यातले आहेत, त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं नाही. आता मी त्यांच्याबरोबर खेळते. नियम तोच आहे.

तिच्या त्या प्रश्नाचा मी अनेकदा विचार केला. माझ्या मते दाढेचं माझं उत्तर बरोबर होतं. आजही कुणी विचारलं तर तेच देईन. दवाखान्यात येणाऱ्या माणसाला डॉक्टरच्या हातावर शंका नको, आणि मला शंका होती. दीड फुटाच्या बॉलचं मात्र मला असं ठामपणे सांगता येत नाही. ती चौथ्यांदा उभी राहिली असती आणि तो गेला असता तर? किंवा गेला नसता, पण तिने स्वतः चुकवला असता तर? यातलं काहीही झालेलं नाही, कारण बॉल माझ्या हातात होता.

जुलै झाला. श्रावणात एका दुपारी सदाशिव पेठेत काम होतं, ते आटोपून मी तिच्याकडे चढले. बाहेरच्या खोलीत पूर्वी रिसेप्शनची मुलगी बसायची त्या टेबलाशी ती बसली होती. एक्स-रे खिडकीसमोर धरून बघत होती. हात स्थिर होता. माझं लक्ष गेलेलं तिने बघितलं.

"कंपवात नाही. नुसता कंप," ती म्हणाली. "त्यांनी तपासलं सगळं. गोळी सुरू केलीय. हे बघ." तिने एक्स-रे ठेवला आणि हात टेबलावर पसरला. बोटं हलत नव्हती.

मला इतकं हलकं वाटलं की मी खुर्चीवर बसलेच. "मग झालं की. परत सुरू कर. करार काय, बदलता येतो. मी बघते कागद, त्यात नोटीसचं कलम असेलच."

"असेल."

"मग?"

"गेल्या आठवड्यात आत गेले होते. ज्युनिअर रजेवर होती. साधीच दाढ होती, सरळ मुळांची. सुई घेतली. हात नाही हलला." तिने एक्स-रे पाकिटात घातला. "पण सुई तोंडाशी नेली की मला तू दिसलीस. वाकून बॉल उचलताना. मी सुई खाली ठेवली, तात्पुरतं भरलं आणि पेशंटला परत बोलावलं."

"ते जाईल. थोडे दिवस जाऊ देत."

"जाईल की," ती म्हणाली.

आतल्या खोलीत यंत्र सुरू झालं. दात कोरतानाचा तो वरच्या पट्टीतला आवाज. ती मान जराशी कलती करून ऐकत होती. आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला, लांबला.

"जास्त वेळ धरलंय तिने. दात तापेल," ती म्हणाली.

"मग जा ना आत. सांग."

तिने दाराकडे बघितलं. आवाज चालूच होता. मग तिने पुढच्या पेशंटचा एक्स-रे पाकिटातून काढला आणि खिडकीसमोर धरला.